चाचांचा उजवा डोळा

चाचांना एखादी वस्तू नुसती पांढरी आहे असं म्हणून चालत नसे. कॅन्टीनमधल्या मिठाला ते पांढरं म्हणत, पण लगेच "ओलावा धरलेलं" असं जोडत. दह्यात पिवळं असतं, भिंतीच्या चुन्यात निळं असतं, आणि साखर तर मुळात पांढरी नसतेच, तिला रंगच नसतो, ढिगात ती पांढरी वाटते इतकंच, असं त्यांचं म्हणणं. मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात नवा शर्ट घालून गेलो होतो. चाचांनी तो पहिल्या भेटीतच "मळकट पांढरा" ठरवला. मी म्हटलं, चाचा, कालच दुकानातून आणलाय. त्यांनी माझी बाही धरून मला खिडकीशी ओढलं, मान तिरकी करून कापड बघितलं आणि म्हणाले, "दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे दिसतात, बाबा."

तळोज्याच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या प्रयोगशाळेत चाचा होते. पनवेलच्या मोहल्ल्यातून स्कूटरने येत. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तशी परवानगी मी मागितलेली नाही. पदार्थाची भौतिक अवस्था कशी आहे ते बघून लिहायचं आणि तो किती तापमानाला वितळतो ते ठरवायचं, म्हणजे मेल्टिंग पॉइंट काढायचा, हे त्यांचं काम. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी करायच्या. त्या डोळ्यांबद्दल मी एकदा एक वाक्य लिहिलं. ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं. चाचांना मात्र ते खरं वाटलं, आणि ते खरं धरूनच ते पुढे जगू लागले. मला आता बावन्न वर्षं पूर्ण झालीत आणि ते वाक्य घेऊन रोज कामाला जायचा कंटाळा आला आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या नोंदवहीत पहिला रकाना असतो वर्णनाचा. बाकीचे सगळे तो न बघताच भरत. कारण काय यायला हवं ते छापील कागदावर असतंच: पांढरी ते मळकट पांढरी, स्फटिकी भुकटी. तेच उतरवलं की झालं. चाचा सॅम्पलची बाटली उत्तरेच्या खिडकीपाशी नेत, आडवी करत आणि भुकटी कशी घसरते ते बघत. सरळ वाहते की ढेकळाने येते, काचेला चिकटते की नाही, तिरक्या उजेडात कण चमकतात की मऊ पिठासारखे गप्प राहतात. मग लिहीत. त्यांच्या नोंदीत "बोटभर चिकटली, टिचकीने सुटली" असंही लिहिलेलं असे. ऑडिटला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं होतं की ही कुठली भाषा. चाचांनी शांतपणे बाटली त्यांच्या हातात दिली आणि टिचकी मारायला सांगितलं. भुकटी सुटली. पाहुण्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मेल्टिंग पॉइंट काढताना चाचा दुसऱ्याच मुलखात गेलेले असत. काडेपेटीतल्या काडीहून बारीक अशी काचेची नळी, एका टोकाला बंद. तिचं उघडं तोंड भुकटीत टोचायचं आणि मग ती हातभर लांब काचेच्या नळ्यातून उभी सोडायची. ती टेबलावर टण्ण करून उसळते आणि भुकटी तळाला जाऊन बसते. असं आठ-दहा वेळा. मग ती नळी तेलाच्या भांड्यात थर्मामीटरला लावून उभी करायची, तेल तापवत न्यायचं आणि समोरच्या भिंगातून बघत राहायचं. शुद्ध, नीट वाळलेला पदार्थ ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत गप्प बसतो आणि तिथे पोचला की झटकन वितळतो. त्यात काही मिसळलेलं असलं, किंवा तो बनवताना वापरलेला द्रव, म्हणजे सॉल्व्हंट, पुरता उडालेला नसला, तर तो आधीच पाझरू लागतो आणि रेंगाळत, कुरकुरत वितळतो. एका मिनिटाला एका डिग्रीहून जास्त चढवायचं नाही. चाचा उजवा डोळा भिंगाला लावून, डावा मिटून, गुडघ्यांवर हात ठेवून बसत. माश्या मारणाऱ्या माणसाइतके निवांत दिसत, पण पापणी हलत नसे.

मला त्यांनी हे शिकवलं. पहिल्या दिवशी मी घाई केली. शेवटच्या दहा डिग्री मी भराभर चढवल्या आणि चांगला दोन डिग्रींनी जास्त आकडा आणला. चाचांनी माझ्या कागदाकडे बघितलंही नाही. नवी नळी भरायला सांगितली. मग आणखी एक. त्या दिवशी मी नऊ नळ्या भरल्या आणि जेवायची सुट्टी गेली. नवव्या वेळी बरोबर आलं तेव्हा त्यांनी डब्यातली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तू घाई केलीस की पारा खोटं बोलतो. त्याची काय चूक? त्याला तू पळवलंस." आमच्या घरात मासे येत नसत. मी ती चटणी खाल्ली. घरी सांगितलं नाही.

शुक्रवारी ते साडेबाराच्या सुमारास नमाजाला जात. त्याआधी नळी तापत ठेवायची वेळ आली तर ते सुरूच करत नसत. मी एकदा म्हटलं, तुम्ही जाऊन या, उरलेलं मी बघतो. त्यांना ते पटलं नाही. याच्यात अर्धं तू आणि अर्धं मी असं होत नाही, पहिला थेंब ज्याने बघितला त्यानेच शेवटचा कण बघायचा, असं त्यांचं म्हणणं. पुढे कंपनीने कॅमेऱ्याचं आपोआप चालणारं यंत्र आणलं. नळी खोचायची, बटण दाबायचं, आकडा छापून येतो. चाचांनी त्याचं नाव नवरदेव ठेवलं. सकाळी आल्यावर त्याला सलाम करत. श्रद्धा म्हणून एक तरुण मुलगी ते यंत्र चालवायची. तिला ते म्हणत, "तुझ्या नवरदेवाला विचार, वाटेत काय काय दिसलं. फक्त मुक्कामाचं गाव सांगतो तो." ती म्हणायची, "चाचा, तुम्ही जळता त्याच्यावर." चाचा हसत. "जळणारच. त्याला चष्मा लागत नाही."

वर्षं गेली तसा मी वर चढत गेलो, चाचा तिथेच राहिले. त्यांना वर जायचं नव्हतं असं आम्ही सगळे म्हणायचो. खरं म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो त्या दिवशी त्यांनी चारचौघांत मला साहेब म्हटलं आणि जेवताना पुन्हा बाबा म्हटलं. हा हिशोब त्यांनी पुढे कित्येक वर्षं चुकवला नाही.

अशाच एका जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं होतं. आणखी वर्षभराने ऑपरेशन करू, घाई नाही. चाचांना त्याचं काही वाटत नव्हतं, उलट थट्टाच सुचत होती. म्हणाले, "डावा गेला तर गेला. तो मी नाहीतरी मिटूनच ठेवतो. उजव्याला डॉक्टर म्हणाले, पंचविशीतला आहे." मग म्हणाले, "ऑफिसात बोलू नकोस. उगाच तपासण्या मागे लावतील." मी म्हटलं, छे, मी कशाला बोलू.

चार वर्षांपूर्वी एक बॅच आली. माल तयार होऊन ड्रममध्ये भरला होता, कंटेनर फाटकाशी उभा होता आणि बंदरातली वेळ ठरलेली होती. वितळायची मर्यादा एकशे तेहतीस ते एकशे छत्तीस. चाचांनी नोंद केली की एकशे तीसला भुकटी आकसून ओली झाली, एकशे एकतीसला पहिला थेंब दिसला, आणि चौतिसावर सगळं स्वच्छ झालं. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं, "बाटली आडवी केल्यावर ढेकळाने येते. टिचकीने सुटत नाही." त्यांनी दुसरी नळी भरली, तिसरी भरली. तेच आलं. म्हणाले, माल ओला आहे, ड्रायरमधून आधीच काढलाय, परत वाळवायला सांग.

मलाही तसंच वाटलं. वाटलं काय, दिसतच होतं. पण परत वाळवायचं म्हणजे ड्रम फोडायचे, ड्रायर दोन दिवस अडकणार, कंटेनर रिकामा जाणार. प्रॉडक्शनच्या साहेबांनी फोन करून एवढंच विचारलं की होईल ना. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. मी म्हटलं, बघतो.

निकाल मर्यादेबाहेर गेला की आमच्याकडे चौकशी करतात. चूक मालात आहे की प्रयोगशाळेत, ते शोधायचं असतं. प्रयोगशाळेत सापडली तर पहिला निकाल रद्द होतो आणि दुसरा धरतात. मी प्रयोगशाळेत चूक शोधायला बसलो. थर्मामीटर ठीक होता. तेल ठीक होतं. नळ्या ठीक होत्या. राहिले चाचा. मी सॅम्पलची बाटली दोन तास ओव्हनमध्ये ठेवली, कागदावर ते लिहिलं नाही, आणि श्रद्धाला ते नवरदेवावर लावायला सांगितलं. तिला ओव्हनचं माहीत नव्हतं. आकडा आला एकशे तेहतीस पूर्णांक चार. येणारच होता. वाळवलेलं सॅम्पल म्हणजे ड्रममधला माल नव्हे, हे चाचांनीच मला शिकवलेलं. मग चौकशीच्या कागदावर कारणाच्या जागी मी लिहिलं: निरीक्षकाची दृष्टी मोतीबिंदूमुळे सदोष असल्याने पहिले निरीक्षण विश्वसनीय नाही.

त्या कागदावर चाचांची सही लागणार होती. मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. प्रॉडक्शनचे साहेबही बसलेले होते. कागद चाचांपुढे ठेवला तेव्हा मी टेबलावरच्या पेनाकडे बघत होतो. चाचांनी तो सावकाश वाचला. मला वाटलं, आता ते म्हणतील की मोतीबिंदू डाव्या डोळ्यात आहे आणि भिंगाला मी उजवा लावतो. ते म्हणाले असते तर कागद तिथेच फाटला असता. मी खरंच त्याची वाट बघत होतो, निदान आज मला तसं आठवतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग प्रॉडक्शनच्या साहेबांना म्हणाले, "मोतीबिंदू आहे, हे बरोबर आहे." मला त्यांनी एकच गोष्ट विचारली. श्रद्धाने लावलं त्यात ओलं झालेलं दिसलं का? मी म्हटलं, नाही. हे खरं होतं. त्यांनी मान हलवली, सही केली आणि जाताना म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल, साहेब."

त्या दिवसानंतर जेवतानाही ते मला साहेबच म्हणू लागले.

दृष्टी सदोष आहे असं एकदा लिहिल्यावर त्यांना भिंगापुढे बसवता येईना. त्यांना मागच्या खोलीत राखीव सॅम्पलच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला दिलं. तिथे खिडकी नव्हती. मी काही ना काही निमित्त काढून तिकडे जायचो आणि दरवेळी पश्चात्ताप होऊन परतायचो, कारण चाचा आता विचारू लागले होते. ही बाटली पांढरीच आहे ना? हा सात आहे का एक आहे? चिठ्ठी सरळ लागली का? सात असायचा, आणि त्यांनी मनात सातच वाचलेला असायचा, पण कुणीतरी हो म्हटल्याशिवाय ते पुढची बाटली उचलत नसत. श्रद्धा एकदा चिडवायला म्हणाली, चाचा, तुम्ही तर नवरदेवाला नावं ठेवायचात, आता काय झालं? ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "त्याचं बरोबर निघालं ना, बाई."

पाच महिन्यांनी त्या मालाची तक्रार आली. ड्रम उघडले तर आत दगड. भुकटीचा एकेक गोळा झाला होता, फावड्याने फोडावा लागला. सॉल्व्हंट राहिलेला होता. त्याही चौकशीचा कागद माझ्याकडेच आला. मी लिहिलं की साठवणुकीच्या जागी दमटपणा जास्त असावा. गिऱ्हाइकाला दुसरा माल पाठवला, प्रकरण मिटलं. त्या दिवशी मागच्या खोलीपर्यंत वीस पावलं चालून जाणं एवढंच काम होतं. मी दारापर्यंत गेलो. चाचा बाटल्यांकडे तोंड करून बसले होते. मी श्रद्धाकडून एक फाइल हवी होती असं दाखवून परत फिरलो.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. समारंभात भाषण मीच केलं. त्यांच्या हाताबद्दल बोललो, संयमाबद्दल बोललो, शिकवण्याबद्दल बोललो. नऊ नळ्यांची गोष्ट सांगितली, सगळे हसले. नजरेबद्दल एक शब्द काढला नाही. तीसेक वर्षं नजरेवर काम केलेल्या माणसाचं ते भाषण होतं. चाचा खाली मान घालून ऐकत होते. काय वगळलं आहे ते त्यांना कळलं असणार, आणि मला खात्री आहे की ते मी सभ्यपणाने वगळलं असंच त्यांना वाटलं.

मग मी त्यांना भेटलो नाही. पनवेल काही इतकं मोठं नाही, पण टाळायचं ठरवलं तर पुरेसं आहे. मोहल्ल्याच्या बाजूचं मार्केट मी सोडलं. ते चाचीच्या माहेरी, उरणजवळ मोऱ्याला, राहायला गेले असं कुणीतरी सांगितलं तेव्हा खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी रुखसाना मला एसटी स्टँडवर भेटली. ती उलव्याला राहते. मी अब्बांचा साहेब आणि अब्बांचा शागीर्द, म्हणून ती आनंदाने बोलायला थांबली. मी तब्येत विचारली. ती म्हणाली, तब्येत छान आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळे साफ आहेत असं डॉक्टर म्हणतात, पण अब्बांना यकीन नाही. स्कूटर विकून टाकली. रस्ता एकट्याने ओलांडत नाहीत. पेपर अम्मीकडून वाचून घेतात. "डॉक्टरला म्हणतात, तुमचं मशीन काय म्हणतं ते सोडा, माझं कंपनीत लिहून गेलंय. सर, तुमचं ऐकतील. तुम्ही एकदा येऊन समजावा ना."

रविवारी मी गेलो. पनवेलहून उलव्याच्या बाजूने रस्ता धरला की विमानतळाच्या जमिनीची धूळ गाडीच्या काचेवर बसते आणि पुढे उरणपर्यंत ट्रक सोडत नाहीत. मी दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबलो. उन्हामुळे थांबलो असं स्वतःला सांगितलं.

घर धक्क्यापासून जवळ आहे. चाचा ओट्यावर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसले होते. थोडे वाळले होते, दाढी सगळी पांढरी झाली होती. मला बघून उठले, हात हातात घेतला, साहेब म्हणाले, बसवलं. चाची आतून पाणी घेऊन आली. इकडचं तिकडचं बोलणं चालू असताना चाचा मध्येच म्हणाले, "लाँच येतेय ना?" मी समुद्राकडे बघितलं. मला काही दिसलं नाही. चाची दाराशी मासळी साफ करायला बसली होती, ती वर न बघताच म्हणाली, "येतेय, येतेय." बऱ्याच वेळाने पाण्यावर मला एक ठिपका दिसला. मुंबईहून येणारी लाँच होती.

मला आणखी थांबता आलं नसतं. मी सगळं सांगितलं. ओव्हन, दोन तास, श्रद्धाला माहीत नव्हतं ते, ड्रममधले दगड, दुसरा कागद. चाची सुरी खाली ठेवून ऐकत होती. चाचांनी मला एकदाही मध्ये थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी जे विचारलं ते मी अपेक्षिलं नव्हतं.

"एकशे एकतीस होतं?"

मी म्हटलं, हो. एकशे एकतीस. तीसला ओलं झालं होतं.

"टिचकीने सुटत नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "वरून सांगितलं होतं तुला?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. प्रॉडक्शनच्या साहेबांचं नाव घेतलं असतं तर चाचांना ते पटलं असतं, त्यांना ते पटवून घ्यायचंही होतं. मी म्हटलं, नाही. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त होईल ना असं विचारलं होतं.

"वरून आलं असतं तर माझ्या मनाला जरा बरं वाटलं असतं," चाचा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. "मी सही केली ती का केली माहीत आहे? मला उजव्याचं बोलता आलं असतं. मी म्हटलं, ह्याने लिहिलंय म्हणजे ह्याने बघितलं असेल. मी शिकवलंय ह्याला. न बघता हा लिहिणार नाही."

मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत, ते आता आठवत नाही. त्यांनी हात हलवून ती बाजूला केली, जशी माशी करतात. मग आत हाक मारून नातीकडून तिची वही आणि पेन मागवलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "लिहून द्या, साहेब. कंपनीला द्यायचं नाही. तुमची नोकरी मला नको. मला घरात ठेवायचंय. एक कागद लिहिलेला आहे, त्याला दुसरा लिहिलेलाच लागेल. तोंडी बोललेलं मला आता पुरत नाही."

मी लिहिलं. चौकशीच्या कागदावर निरीक्षकाच्या दृष्टीबद्दल केलेलं विधान चुकीचं आहे. त्या दिवशीचं त्यांचं निरीक्षण पूर्ण बरोबर होतं. माल ओला होता. दुसऱ्या तपासणीचं सॅम्पल मी वाळवून दिलं होतं. खाली तारीख घातली, सही केली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. ती त्यांनी घेतली नाही.

"तपासणाऱ्याची सही राहिली," ते म्हणाले.

आमच्याकडे एका सहीचा निकाल निकाल नसतो. करणाऱ्याच्या खाली तपासणाऱ्याची लागते. मी इकडेतिकडे बघितलं. चाचांनी चाचीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, मला त्यातलं काय कळतंय? चाचा म्हणाले, "इतकी वर्षं माझ्यासाठी तूच तर बघतेस. हेही बघ."

चाची उरणच्या मराठी शाळेत शिकलेली. तिने हात धुतले, पदराला पुसले, वही घेऊन उजेडात बसली. तिने ते सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पेन उचललं, आणि सही न करता परत खाली ठेवलं.

"ह्याच्यात एक नाय लिवलेलं," ती म्हणाली. "तुमाला कदी कळलं ते. मानूस वाचील तर बोलंल, साहेबाला कालच कळलं आनि बिचारा आज धावत आला. चार वर्सं मी ह्यांचा हात धरून रस्ता पार करतंय. ती चार वर्सं कुटं हायत?"

चाचा पाण्याकडे बघत होते. ते मध्ये पडले नाहीत.

मी वही परत घेतली. आधीच्या चार ओळी मी भराभर लिहिल्या होत्या, कारण त्यात जे होतं ते कागदाबद्दल आणि मालाबद्दल होतं. आता पेन चालेना. मी वर बघितलं, चाची उठून समोर येऊन उभी होती. मी लिहिलं: हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी चार वर्षं सांगितलं नाही.

तिने ते तिथेच उभ्याने वाचलं आणि माझ्या सहीखाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. मग वही चाचांच्या हातात दिली आणि वाचून दाखवायला शेजारी बसली.

चाचांनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी वही उजेडाकडे थोडी तिरकी केली आणि स्वतः वाचू लागले.